तुमच्या मांडीतली सळी आमच्या लेथवरून येते

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की मी बावीस वर्षं हाडाच्या प्लेटा आणि स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात काढली, आणि संपादकांनी ती ओळ कापली नाही. झालं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की मुख्य लेखाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तर यावेळचा कॉलम त्याच पत्रांचा. आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलचा माणूस आहे. एक्सरेचा फोटो पाठवून "ऑपरेशन करू का नको" विचारणाऱ्या तिघांना मी उत्तर दिलेलं नाही आणि देणार पण नाही, रागावू नका. धातू कसा वागतो आणि या वस्तू कुणी, कशापायी शोधल्या हे विचारा, रात्रभर बोलेन.

प्रश्न (सांगलीहून): काका, माझी आजी ८१ वर्षांची, बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्यात फ्रॅक्चर झालं. डॉक्टरांनी पीएफएन (मांडीच्या हाडाच्या आत घालायची सळी) टाकला आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली, आम्ही बघतच राहिलो. तिच्या सासऱ्यांना म्हणे तीन महिने पायाला विटा बांधून झोपवलेलं. हाडाला बाहेरून पट्टी लावायची सोडून हाडाच्या आतच सळी घालायची ही आयडिया कुणाच्या डोक्यात आली असेल?

उत्तर: आधी त्या विटांबद्दल. मांडीचे स्नायू भयंकर ताकदीचे असतात, हाड मोडलं की ते दोन्ही टोकं एकमेकांवर ओढून चढवतात आणि पाय आखूड होतो, म्हणून खाली वजन लटकवून पाय ताणून ठेवायचा. त्याला ट्रॅक्शन म्हणतात, अडाणीपणा नव्हता तो, त्या काळात तेच शास्त्र होतं. पण हाड जुळेपर्यंत आठ-दहा-बारा आठवडे माणूस आडवा. मग पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. म्हातारी माणसं मोडलेल्या हाडानं नाही, त्या अंथरुणानं जायची.

आता सळी. गेरहार्ड क्युन्चर नावाचा जर्मन सर्जन, जन्म १९०० चा, उत्तर जर्मनीतल्या कील या बंदराच्या गावात नोकरीला. त्याच्या आधी अमेरिकेत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसननं खुब्याच्या मानेतलं फ्रॅक्चर धरायला तीन पंखांचा एक खिळा काढला होता, १९२५ पासून तो वापरत होता आणि १९३१ ला त्यावर पेपर लिहिला. क्युन्चर तो खिळा वापरायचा. त्याला वाटलं, इथे खिळा चालतोय तर मांडीच्या अख्ख्या नळीत लांब खिळा का नको? हाड आतून पोकळ आहेच, जागा आयती आहे. लोकांची भीती अशी की नळीत मज्जा असते, ती खरवडली की हाड मरणार. त्यानं आधी जनावरांवर करून बघितलं, हाड मरत नाही म्हटल्यावर कीलमधल्याच अर्न्स्ट पोल नावाच्या इन्स्ट्रुमेंट बनवणाऱ्याला गाठलं, आणि नोव्हेंबर १९३९ ला पहिल्या माणसाच्या मांडीत सळी घातली. तो पेशंट बंदरातला जहाजबांधणी कामगार होता. पुढच्या वर्षी बर्लिनला सर्जन लोकांच्या परिषदेत क्युन्चरनं हे सांगितलं तेव्हा कौतुक सोडा, लोक चिडले. हाडाच्या मज्जेतून गज ठोकतो म्हणजे काय!

मग युद्ध. क्युन्चर सैन्यात डॉक्टर, त्याला फिनलंडला पाठवलं, तिथल्या सर्जननी ही पद्धत उचलली. आणि इकडे गंमत अशी झाली की जर्मनीत कैदेत असलेले दोस्त राष्ट्रांचे सैनिक सुटून घरी गेले, तिथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला तर मांडीत हा लांबच्या लांब गज! आणि माणूस त्याच्यावर चालतोय. १९४५ ला टाइम साप्ताहिकानं सुद्धा त्याची बातमी केली. युद्धात शत्रूचं तंत्र हेरगिरी करून मिळवतात, हे तंत्र मात्र चालत चालत सीमा ओलांडून गेलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. प्लेट हाडाच्या एका बाजूला बसते, म्हणजे भिंतीला ब्रॅकेट लावल्यासारखी, वजन पडलं की सगळं वाकवणं तिच्यावर येतं. सळी बसते मधोमध, जिथून शरीराचं वजन खाली उतरतं त्या रेषेच्या जवळ. तिला वाकवायला जोर कमी लागू होतो म्हणून पेशंटला लवकर उभं करता येतं. क्युन्चरची सळी आधी इंग्रजी व्ही अक्षरासारखी होती, मग त्यानं तीन पाकळ्यांचा छेद केला, आत ठोकताना ती जराशी दबते आणि मग उलगडून हाडाच्या भिंतीला आतून धरून बसते, स्प्रिंगसारखी. मी पहिल्यांदा तो सेक्शन ड्रॉइंगमध्ये बघितला तेव्हा खरंच टोपी काढली. एकच वांदा होता, हाडाचा चुरा झाला असेल तर पाय सळीभोवती गोल फिरायचा नाहीतर आखूड व्हायचा. त्याच्यावर उपाय म्हणजे सळीला वर-खाली आडवी भोकं पाडून हाडातून आरपार स्क्रू घालायचे, १९७० च्या दशकात फ्रँकफर्टला क्लेम आणि स्ट्रासबर्गला ग्रॉस-केम्प यांनी ते नीट रुळवलं. तुमच्या आजीचा पीएफएन त्याच घराण्यातला: आखूड सळी, आणि तिच्यातून तिरका वर खुब्याच्या गोळ्यात जाणारा जाड स्क्रू. म्हणजे बघा, क्युन्चर ज्या स्मिथ-पीटरसनच्या खिळ्यावरून निघाला होता तो खिळा आणि क्युन्चरची सळी, दोघं परत एकत्र आले. आजीला नमस्कार सांगा, आणि बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडी बसवा, ती माझ्या सगळ्या इम्प्लांटपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न (लातूरहून): माझ्या मिस्टरांच्या मांडीत प्लेट टाकलेली, पाचव्या महिन्यात ती मधोमध तुटली. पडले नाहीत, काही नाही, घरातल्या घरात चालताना कट्ट असा आवाज आला. नातेवाईक म्हणतात माल डुप्लिकेट होता, डॉक्टर म्हणतात हाड जुळलं नाही म्हणून तुटली. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: ताई, ती प्लेट हातात घेतल्याशिवाय आणि लॅबमध्ये तपासल्याशिवाय माल कसला होता हे मी काय, कुणीच सांगू शकत नाही. तुटलेला तुकडा काढला असेल तर मागून घ्या, फेकू देऊ नका, आणि डिस्चार्जच्या कागदावर इम्प्लांटचा स्टिकर असतो, बॅच नंबरसकट, तो जपून ठेवा. पण डॉक्टर जे म्हणतायत ते सहसा खरं असतं, आणि ते का खरं असतं ते सांगतो.

बांधकामावर बाइंडिंग वायर कशी तोडतात बघितलंय ना, पक्कड नसली की इकडून तिकडून वाकवत राहायचं, दहा-पंधरा वेळात तुटते. एका वेळेला तुटत नाही पण वाकवून वाकवून तुटते. आमच्या भाषेत फटीग. आता हिशोब करा, मिस्टर रोज चार हजार पावलं चालत असतील तर त्या पायावर दोन हजार, पाच महिन्यांचे दीडशे दिवस, म्हणजे तीन लाख वेळा ती प्लेट बारीकशी वाकली आणि सरळ झाली. हाड जुळत आलं की ते हळूहळू वजन स्वतःवर घ्यायला लागतं आणि प्लेट सुटते. हाड जुळलंच नाही तर सगळा भार प्लेटवर, तो पण जिथे भोक आहे आणि फ्रॅक्चर आहे बरोब्बर त्याच जागी. जगातली कुठलीच प्लेट कायमचं हाड म्हणून काम करायला बनवलेली नसते, ही हाड आणि धातू यांची शर्यत असते. म्हणून आता दुसरं ऑपरेशन होईल तेव्हा "नवीन जाड प्लेट टाका" एवढ्यावर थांबू नका, हाड का जुळलं नाही हे विचारा. शुगर, तंबाखू, आतलं इन्फेक्शन, रक्तपुरवठा, खूप कारणं असतात. मिस्टर तंबाखू खात असतील तर तुम्हाला माहीतच आहे मी काय म्हणणार.

माझ्या आत्याची अशीच तुटली होती, दंडातली. घरात सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती बनवली. (आमच्या कारखान्याची नव्हती, मी आधी तेच चेक केलं, खोटं कशाला बोलू.) शेवटी निघालं काय तर आत्याबाई सहाव्या आठवड्यापासून हापशावरून पाणी काढत होत्या.

डुप्लिकेट मालाची भीती मात्र अगदीच हवेतली नाही, कारण या सगळ्या शोधाची पहिली पन्नास वर्षं खराब धातूशी झगडण्यातच गेली. हाडावर पहिली प्लेट लावली हॅम्बुर्गच्या हान्समाननं, १९८६ नाही, १८८६! त्याच्या प्लेटचं एक टोक आणि स्क्रूचे दांडे कातडीच्या बाहेर राहायचे, का तर नंतर काढायला सोपं. आज ऐकून अंगावर काटा येतो. पुढे लंडनला लेन नावाच्या सर्जननं स्टीलच्या प्लेटा लावल्या, तो इतका काटेकोर की जखमेत बोट सुद्धा घालायचा नाही, सगळं लांब दांड्याच्या अवजारांनी. त्यामुळे त्याच्याकडे पू व्हायचा नाही पण प्लेटा गंजायच्या. शरीराच्या आत म्हणजे काय, कोमट मिठाचं पाणी, लोखंडाला याच्यापेक्षा वाईट जागा नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत टेक्ससच्या व्हेनेबल आणि स्टक यांनी प्रयोग करून दाखवलं की दोन वेगवेगळे धातू शरीरात एकत्र आले की त्यांची बॅटरी होते आणि आजूबाजूचं हाड खराब होऊन स्क्रू ढिले पडतात. त्यांनी कोबाल्ट-क्रोमचा मिश्रधातू वापरायला सुचवला. आज आपण ३१६एल नावाचं स्टेनलेस स्टील नाहीतर टायटॅनियम वापरतो, पण तो नियम अजून तसाच आहे, स्टीलच्या प्लेटला टायटॅनियमचा स्क्रू सहसा लावत नाहीत. आमच्या स्टोअरला दोन्हींचे डबे वेगवेगळ्या कपाटात असायचे आणि चुकून सरमिसळ झाली तर साहेब अख्खा लॉट स्क्रॅप करायचे. तेव्हा राग यायचा. आता नाही येत.

प्रश्न (मडगावहून): पायात टायटॅनियमची सळी आहे, मुलीकडे दुबईला जायचंय. विमानतळावर वाजेल का? आणि हाड जुळल्यावर सळी काढूनच टाकावी असं शेजारी म्हणतात.

उत्तर: वाजेल किंवा नाही वाजणार, मशीनवर आहे, वाजलं तर पाय दाखवा आणि सांगा, त्यांना रोज शंभर जण भेटतात असे. डिस्चार्ज कार्डाची कॉपी ठेवा जवळ. काढायचं म्हणाल तर मोठ्या माणसात त्रास नसेल तर बऱ्याचदा आतच राहू देतात, काढणं म्हणजे परत एक ऑपरेशन, आणि स्क्रू काढल्यावर जी भोकं राहतात ती भरेपर्यंत काही महिने हाड तिथे कच्चं असतं. शेजाऱ्यांना विचारा त्यांनी कुठून एमएस केलं.

प्रश्न (मालेगावहून): माझ्या भावाचा मोटरसायकलवर अपघात झाला, नडगीचं हाड दोन इंच गेलंच, आता पायाभोवती लोखंडी कड्या आणि तारा लावल्यात आणि तो रोज चावीनं नट फिरवतो. लोक म्हणतात हा छळ आहे, पाय कापला असता तर बरं. हे रिंगचं खूळ आलं कुठून? खरंच हाड वाढतं का?

उत्तर: वाढतं. मला या सगळ्या धंद्यातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली विचाराल तर हीच, त्यामुळे जरा लांबलं तर चालवून घ्या.

सायबेरियात कुर्गान नावाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या खेड्यात गावरिल इलिझारोव नावाचा तरुण डॉक्टर पोस्टिंगवर. हाडांचा स्पेशालिस्ट वगैरे नंतर झाला, तेव्हा सगळंच बघायचा. समोर येणारे पेशंट कोण तर युद्धातून आलेले, हाडं न जुळलेली, वाकडी जुळलेली, पू वाहणारी. भारी स्टील नाही, मोठं ऑपरेशन थिएटर नाही. मग १९५१ च्या आसपास त्यानं हे कड्यांचं यंत्र तयार केलं. हाडातून बारीक तारा आरपार घालायच्या, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या, आणि त्या बाहेर कडीला ताणून बांधायच्या. सायकलच्या चाकाचे आरे बघा, एकेक आरा हातानं वाकेल इतका बारीक असतो पण सगळे ताणले की त्याच्यावर दोन माणसं आणि गव्हाचं पोतं जातं. तेच गणित. आणि हाडाची जी जागा मोडलीय तिथे जखम उघडायचीच नाही, धातू ठेवायचाच नाही, म्हणून पू असलेल्या पायाला सुद्धा चालतं. तुमच्या भावाला रिंग लावली ती बहुतेक त्याच कारणानं.

सुरुवातीला इलिझारोव टोकं एकमेकांवर दाबून धरायला कड्या जवळ आणायचा. गोष्ट अशी सांगतात की एका पेशंटनं नट चुकून उलटे फिरवले, टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली, आणि एक्सरे काढला तर मधल्या फटीत नवीन हाड धरायला लागलेलं. गोष्ट रंगवलेली असेल थोडी, पण पुढे त्यानं वर्षानुवर्षं प्रयोग करून नियम पक्का केला: हाड हळूच कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर, तो पण एकदम नाही, पाव पाव करून चार वेळा. याच्यापेक्षा भरभर ताणलं तर हाड धरत नाही, हळू ताणलं तर वेळेआधीच जुळून बसतं. तुमचा भाऊ चावी फिरवतो ते हेच. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर, पन्नास दिवस नुसते ताणायचे, आणि नंतर ते कोवळं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट तरी वेळ, त्यामुळे तोंडानं "झालंच की" म्हणू नका, त्याला माहीत असतं किती राहिलंय ते.

मॉस्कोतले मोठे डॉक्टर या गावाकडच्या माणसाला काही भाव देत नव्हते. मग १९६५ ला व्हॅलेरी ब्रूमेल, उंच उडीतला ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, वर्ल्ड रेकॉर्डवाला, मोटरसायकलवर पाय मोडून बसला (हो, तुमच्या भावासारखाच). ऑपरेशनवर ऑपरेशन झाली, जमेना. शेवटी तो कुर्गानला गेला, इलिझारोवनं पाय सरळ केला, आणि गडी परत दोन मीटरच्या वर उडी मारायला लागला. रशियाभर नाव झालं. बाहेरच्या जगाला कळायला अजून एक पाय मोडावा लागला, इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी, त्याची नडगी वर्षानुवर्षं बरी होत नव्हती, १९८० ला तो रशियन मित्राच्या सांगण्यावरून कुर्गानला गेला आणि चालत परत आला. इटलीतल्या डॉक्टरांनी तो पाय बघितला आणि १९८१ ला इलिझारोवला बोलावून घेतलं भाषणाला. तीस वर्षं एक माणूस हे करत होता आणि पश्चिमेकडे पत्ताच नव्हता.

छळ आहे का? दुखतं, झोप लागत नाही, पिनांच्या तोंडाशी रोज साफसफाई करावी लागते, पँट घालता येत नाही, लोक बघतात. हे खरंच आहे आणि त्याला कुणी हिंमत देत बसू नका, त्यापेक्षा त्याची पँट बाजूनं उसवून वेल्क्रो लावून द्या. आमच्या ओळखीच्या टेलरनं असल्या पँटा शिवून दिल्या होत्या, पेशंट लोक आमच्या प्लेटपेक्षा त्या पँटीवर खूश.

प्रश्न (कराडहून, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष): सर, मला नवीन इम्प्लांट डिझाइन करायचंय. माझ्या डोक्यात एक अशी प्लेट आहे जी सगळ्यात मजबूत असेल, कधीच वाकणार नाही. थ्रीडी प्रिंटरवर मॉडेल पण काढलंय. पेटंट आधी करू का कंपनीकडे जाऊ?

उत्तर: आधी माझ्याकडे ये, चहा पाजतो. मग तुझी प्लेट मोडीत काढतो, म्हणजे आयडियेत. राग नको मानू.

कधीच न वाकणारी प्लेट हाडाला नको असते. हाडाचा ताठपणा ढोबळमानानं २० गिगापास्कलच्या खाली, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या जवळ. म्हणजे स्टील हाडाच्या दहापट ताठ. इतकी ताठ वस्तू शेजारी लावली की सगळं वजन तीच घेते आणि हाड म्हणतं मला काय काम, ते विरळ होत जातं. शिवाय फ्रॅक्चरच्या जागी अगदी बारीकशी हालचाल असेल तर शरीर तिथे नवीन हाडाचा गोळा घालतं, त्याला कॅलस म्हणतात, हालचाल पार बंद केली आणि फट राहिली तर गोळा पण नाही आणि जोड पण नाही. आणि हालचाल जास्त झाली तरी नाही. किती हलू द्यायचं, याच्यावरच शंभर वर्षं भांडण चाललंय! बेल्जियमच्या लाम्बॉटनं या ऑपरेशनला "ऑस्टिओसिंथेसिस" नाव दिलं, तो स्वतःची अवजारं स्वतः बनवायचा आणि उरलेल्या वेळात व्हायोलिन, खोटं नाही सांगत, उत्तम व्हायोलिन बनवायचा. त्याच देशातल्या डानिसनं टोकं घट्ट दाबून धरणारी प्लेट काढली, गोळा न होता हाड थेट जुळतं हे दाखवलं. मग १९५० ला मॉरिस म्युलर नावाचा तरुण स्विस डॉक्टर ब्रसेल्सला डानिसला भेटायला गेला आणि तिथून पुढची सगळी गाडी सुटली.

म्युलरचं तू नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यात आहे. नोव्हेंबर १९५८ ला स्वित्झर्लंडमध्ये बील या गावात तेरा सर्जननी मिळून एक गट केला, नाव एओ. त्याच्या आधीच म्युलरनं बेटलाखचा रॉबर्ट माथीस गाठला होता. हा कोण? कारखानदार, स्टेनलेसचे स्क्रू बनवणारा. डॉक्टर यायचे, स्क्रू असा हवा म्हणायचे, माथीस बनवायचा, तो बसत नाही म्हणायचे, परत बनवायचा. प्लेटा तुटायला आणि गंजायला लागल्या तेव्हा वाल्डेनबुर्गचा फ्रिट्झ स्ट्राउमान आला, त्याच्या घरचा धंदा घड्याळासाठी लागणाऱ्या मिश्रधातूंचा. घड्याळाची स्प्रिंग रोज वाकते, वर्षानुवर्षं तुटत नाही, त्याला फटीग म्हणजे काय हे डॉक्टरांपेक्षा बरं कळणार ना. तर ही जोडी जमली, ऑपरेशन करणारा हात आणि लेथवरचा हात. १९६० च्या डिसेंबरमध्ये दावोसला पहिला कोर्स घेतला आणि सर्जन लोकांना स्क्रू कसा पिळायचा हे शिकवलं. आपल्याकडे अजूनही ज्युनियर डॉक्टर एओचा कोर्स करून आल्याचं सांगतात तो हाच.

पण माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा शोध प्लेट नव्हता. प्रत्येक पेशंटचा कागद आणि एक्सरे जमा करायचे, चांगले झालेले आणि वाट लागलेले दोन्ही. आपल्याकडे कारखान्यात रिजेक्शनचं रजिस्टर असतं, ते मेडिकलमध्ये नेलं त्यांनी. माझी पहिली नोकरी त्या रजिस्टरवरच होती, आणि मी तुला सांगतो, तीन वर्षं तुटून परत आलेल्या प्लेटा मोजल्यावर मला जे समजलं ते चार वर्षांच्या डिग्रीत नव्हतं. जवळपास सगळ्या भोकाच्या काठावरून तुटलेल्या. पुढे मी ड्रॉइंग करायला बसलो की आधी भोकाची कड गोल करायचो मग बाकीचं.

आणि घाई करू नकोस. जॉन चार्नली माहितीय? इंग्लंडचा, कृत्रिम खुब्याचा सांधा ज्यानं रुळवला तो. त्यानं आधी सांध्याचा गोळा जिच्यात फिरतो त्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, निसरडं आहे, छान सरकेल म्हणून. शेकडो पेशंटना बसवलं. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्या भुशानं आत गाठी झाल्या आणि सगळे एकामागून एक परत यायला लागले. चार्नलीनं काय केलं, ते टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, शरीर काय करतं बघायला. गाठी आल्या. नंतर त्याच्या वर्कशॉपमध्ये एक सेल्समन भलतंच प्लास्टिक घेऊन आला, कापडगिरणीच्या मागांना गिअर बनवायला वापरायचे ते. त्याच्या वर्कशॉपच्या माणसानं ते झिजवायच्या मशीनवर लावून ठेवलं, ते झिजेचना. तेच ते पॉलिथिलीन, १९६२ पासून माणसांना बसवायला लागले आणि त्याची सुधारलेली रूपं आज पण गुडघ्यात-खुब्यात असतात. तुझ्या प्रिंटरवरच्या प्लेटला असं झिजवायचं, वाकवायचं मशीन भेटलंय का? दहा लाख वेळा वाकव, मग पेटंटचं बोलू. आणि आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, चाचण्या, लायसन्स, कागद, सगळं लागतं, गल्लीत प्लेट कापून विकता येत नाही आणि यायला पण नको.

नवीन काही करायचंच असेल तर मजबुतीच्या मागे लागू नकोस, परवडण्याच्या आणि सोयीच्या मागे लाग. एक उदाहरण देतो. मघाशी सांगितलेल्या सळीच्या खालच्या भोकात स्क्रू घालायचा तर भोक दिसत नाही ना, हाडाच्या आत आहे, म्हणून थिएटरमध्ये सी-आर्म लागतो, एक्सरेचं चालतं मशीन. ते महाग, आणि लाइट गेली की बंद. अमेरिकेत रिचलंडचा लुइस झर्कल नावाचा सर्जन, व्हिएतनाम युद्धात काम केलेला, त्यानं गरीब देशात बघितलं की इम्प्लांट नाही म्हणून लोक महिनोन्महिने ट्रॅक्शनला पडून आहेत. त्यानं १९९९ ला साइन नावाची संस्था काढली, सळी बनवली आणि तिच्या बाहेर एक दांडी जोडली, दांडीची भोकं आणि आतल्या सळीची भोकं एका रेषेत, बाहेरून माप घेऊन आत ड्रिल करायचं, सी-आर्म नको. आम्ही वर्कशॉपमध्ये ड्रिल जिग वापरतो तेच की रे! सळ्या फुकट देतात, बदल्यात सर्जननं एक्सरे पाठवायचे. परत तेच रजिस्टर.

आपल्याकडे पण पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी भारतीय लोकांसाठी परवडणारा इंडस नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला लगाम घातला, साधा कोबाल्ट-क्रोमचा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांना ते आवडलं नाही. मला आवडलं. हे वाचून जुने सहकारी फोन करतील, करू देत.

प्रश्न (पंढरपूरहून, इयत्ता सातवी, अक्षर सुंदर आहे): काका, माझा हात मोडलाय. स्क्रू आणि प्लेट कशाला, हाड फेविक्विकनं का चिकटवत नाहीत?

उत्तर: हा प्रश्न मोठ्या माणसांनी विचारायला पाहिजे होता, कुणी विचारला नाही. बघ, पेला फुटला तर तो स्वतःहून काही जुळणार नाही म्हणून आपण चिकटवतो. हाड जिवंत आहे, त्याला स्वतःच जुळायचं असतं, आणि त्यासाठी मोडलेल्या दोन टोकांच्या मध्ये रक्त यावं लागतं, पेशी याव्या लागतात. मध्ये गोंदाचा थर घातला तर तू त्यांचाच रस्ता अडवलास. शिवाय आत सगळं ओलं, ओल्या भिंतीवर स्टिकर चिकटतो का? मोठ्या माणसांच्या ऑपरेशनमध्ये बोन सिमेंट नावाचं काहीतरी वापरतात हे तू ऐकलं असशील, पण तो गोंद नाही, फरशी बसवताना खाली माल भरतात ना, तसं ते भरायचं काम करतं.

आणि तुझ्या वयाच्या मुलांना देवानं वेगळी सवलत दिलीय, हाडं पटापट जुळतात, म्हणून तुझं प्लास्टरवर भागलं. अगदीच लागलं तर फ्रान्समधल्या नान्सी गावच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमाराला मुलांसाठी बारीक लवचिक सळ्या काढल्या, धनुष्यासारख्या वाकवून दोन बाजूंनी हाडात सरकवतात, आणि मुलांची हाडं ज्या टोकांपाशी वाढतात ती जागा चुकवून घालतात, म्हणजे उंची वाढायची थांबत नाही. जुळलं की काढून घेतात.

प्लास्टरच्या आत खाज सुटली की स्केल घालून खाजवतोयस असं तुझ्या आईनं खाली वेगळ्या पेननं लिहिलंय. स्केल बाहेर काढ. आत सालटं निघून जखम झाली तर प्लास्टर फोडेपर्यंत कुणाला दिसणार पण नाही. आईला टेबल फॅनसमोर बसवून द्यायला सांग, तेवढ्यानं भागतं.